खाडा झाला तरी रतीब चालू ठेवावा: चिंतेच्या आजारानंतर छोट्या सवयींनी दिवस सावरताना

तीव्र चिंतेचा काळ ओसरू लागला, की एक वेगळीच अडचण पुढे येते. छातीतली धडधड पूर्वीइतकी राहिलेली नसते, रात्री चार-पाच तास सलग झोप लागू लागलेली असते, डॉक्टरांनीही सुधारणा असल्याचे सांगितलेले असते. तरीही दिवस मात्र हाती येत नाही. कामावर जायचे तर धाकधूक, लग्नकार्याला जायचे तर टाळाटाळ, आणि घरी बसावे तर मन लागत नाही. अशा वेळी बहुतेक माणसे "एकदा मन पूर्ण शांत होऊ दे, मग सगळे पूर्ववत सुरू करू" असे स्वतःला बजावत थांबून राहतात, आणि त्या थांबण्यातच महिने निघून जातात. या टप्प्यावर असलेल्या, पण सुरुवात नेमकी कुठून करावी हे न उमगलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे.

मी डॉक्टर किंवा समुपदेशक नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका धान्याच्या दुकानात हिशेब लिहिणे हे माझे काम आहे, आणि काही वर्षांपूर्वी जवळजवळ चार महिने अंबाबाई मंदिराजवळच्या गजबजलेल्या महाद्वार रोडवर पाऊल टाकण्याची माझी छाती झाली नव्हती. उपचार घेतले, त्यांचा गुणही आला; पण उपचारांनी जेथवर आणून सोडले, तेथून पुढचे अंतर रोजच्या बारीकसारीक सवयींनी कापावे लागले. त्या अनुभवातून एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकतो. हुरूप आधी येऊन मग काम होत नाही; काम आधी होते आणि हुरूप त्याच्या मागून, तोही रमतगमत, येतो. म्हणूनच काम इतके लहान ठरवावे लागते, की ते सर्वांत वाईट दिवशीही जमले पाहिजे.

आधी तपासणी, मग सवयी

थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली, तरी छातीत धडधड, हातांना कंप, घाम आणि अस्वस्थता ही सगळी लक्षणे दिसतात. रक्त कमी असले तरी धाप लागते. त्यामुळे "हा माझा स्वभावच आहे" असा निष्कर्ष काढण्यापूर्वी एकदा साधी रक्ततपासणी करून घ्यावी. छातीत पहिल्यांदाच कळ आली असेल, तर ती चिंतेमुळेच आहे असे घरच्या घरी ठरवू नये. मानसोपचारतज्ज्ञांची गरज असेल, तर आपल्याकडे कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घराबाहेर पडणेच अवघड वाटत असेल, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनाशुल्क आणि मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील, तर पुढील एकही पायरी वाचत न बसता आधी हा फोन करावा किंवा घरातल्या कोणाला तरी बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे.

गोळ्यांविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण "गोळ्यांची सवय लागते" हे वाक्य प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी ऐकवतोच. ते वाक्य दोन वेगळ्या औषधांना एकाच तराजूत घालते. लगेच शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय खरोखरच लागू शकते, म्हणून डॉक्टर त्या सहसा मोजक्या दिवसांसाठी देतात. दीर्घकाळ दिल्या जाणाऱ्या नैराश्यरोधक गटातल्या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही. मात्र त्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि त्या एकाएकी बंद केल्या, तर चक्कर, चिडचिड आणि झोपमोड होऊ शकते. मी बरे वाटले म्हणून कोणालाही न विचारता त्या बंद केल्या आणि पुढचे दहा दिवस डोके धरून बसलो, ही चूक पूर्णपणे माझी होती. गोळ्या कमी करायच्या असतील, तर त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवाव्या लागतात.

भीतीला खुराक कोण घालते?

कोणत्याही सवयीला हात घालण्यापूर्वी चिंता टिकून कशी राहते हे समजून घेतले, तर पुढचे कष्ट अकारण वाटत नाहीत. एका शुक्रवारी संध्याकाळी महाद्वार रोडवर गर्दीत माझा जीव घाबराघुबरा झाला, हातपाय गळाले, आता आपण इथेच कोसळणार असे वाटले, आणि मी मिळेल त्या बोळातून बाहेर पडून घरी आलो. उंबरा ओलांडताच केवढे हायसे वाटले! नेमके तेच हायसे वाटणे महागात पडते. "पळालो म्हणून वाचलो" असा धडा मन त्या क्षणी गिरवते, पुढच्या वेळी भीती दुप्पट जोराने दार ठोठावते, आणि आज महाद्वार रोड टाळला की उद्या भवानी मंडप, परवा बस, नंतर न्हाव्याची खुर्ची, असे टाळण्याचे क्षेत्र पसरत जाते. प्रत्यक्षात घबराटीचा झटका सहसा दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप उतरू लागतो. पण आपण त्याआधीच पळ काढत असल्याने त्याचे उतरणे कधी पाहिलेलेच नसते.

पहिली पायरी: एकच सवय, वाईट दिवसाच्या मापाची

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे समजावण्यासाठी तालमीकडे बोट दाखवले तरी पुरते. नवा पोरगा आला, की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी कुस्तीला जोडत नाही. आधी खोरे हातात देऊन तांबडी माती उकरायला लावतो, मग मोजक्या जोर-बैठका सांगतो, आणि पोराला आणखी मारायच्या असल्या तरी थांबवतो. आपण मात्र चिंतेतून उठल्यावर पहाटे पाचचा गजर, तासभर व्यायाम, ध्यान, वाचन आणि चहा बंद, असा सगळा बेत सोमवारपासून एकदम सुरू करतो आणि गुरुवारी तो कोसळला, की आपल्यात दमच नाही असे ठरवून मोकळे होतो.

त्याऐवजी एकच सवय निवडावी आणि तिचे माप वाईट दिवसावरून ठरवावे. माझी पहिली सवय होती ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिंपळाच्या पारापर्यंत चालत जाऊन परत येणे; जाऊन-येऊन चार मिनिटे. एवढे तर कोणीही करेल, असे वाचणाऱ्याला वाटेल. तापातून उठल्यासारखे अंग असताना, रात्रभर झोप नसताना, तोंड कोणाला दाखवू नये असे वाटत असताना जे जमेल, तेच माप खरे.

नव्या सवयीला आधीपासून चालत आलेल्या एखाद्या गोष्टीच्या दावणीला बांधावे. आमच्याकडे सकाळी दूधवाला येतो. आई पातेले घेऊन दाराशी गेली, की मी चपला घालायच्या, असे ठरले. त्यामुळे "आज जावे की न जावे" असा विचार करायला जागाच उरली नाही. सुरुवातीला मी घुटमळत उभा राहिलो, तर आई पाठमोरीच म्हणायची, "आरं, पारापतोर तर जायचं हाय, काय मुंबैला न्हाई."

नोंद ठेवण्यासाठी वेगळी वही किंवा मोबाईलमधले अॅप घेण्याची गरज नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आई दुधाचा हिशेब मांडते: रोज एक लिटर, पाहुणे असले की दीड, दूध घेतले नाही त्या दिवशी फुली. त्याच चौकोनाच्या उजव्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने एक टिंब देऊ लागलो. पहिल्या महिन्यात एकोणीस टिंबे जमली. उरलेले रिकामे कोपरे पाहून मी खट्टू झालो होतो, आणि मग माझे लक्ष आईच्या फुल्यांकडे गेले. दूधवाला महिन्याच्या शेवटी खाड्यांचे पैसे वजा करतो आणि एक तारखेला पुन्हा दूध घालायला येतो; चार खाडे झाले म्हणून कोणी रतीब मोडत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास करून २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला, त्यातही हेच आढळले: सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला अवघे १८, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे काही बिघडले नाही. म्हणून "एकवीस दिवसांत सवय लागते" या ठोकताळ्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नये. फक्त लागोपाठ दोन खाडे होऊ नयेत एवढी काळजी घ्यावी, आणि तेही झालेच, तर तिसऱ्या दिवशी निम्मे माप घ्यावे.

दुसरी पायरी: माप वाढवणे

दोन-तीन आठवडे टिंबे बऱ्यापैकी पडू लागली, की माप थोडे वाढवावे. पाराच्या पुढे विजेचा खांब, मग मुख्य रस्ता, मग रंकाळा तलावाचा काठ, असे माझे अंतर सुमारे तीन महिन्यांत वाढले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. परंतु ते पोहोचायचे ठिकाण आहे, निघायचे नव्हे. रंकाळ्यावर सकाळी फिरणारी मंडळी भराभर पुढे निघून जातात, त्यांच्याशी बरोबरी करू नये.

तिसरी पायरी: श्वास

चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. मिनिटाला सहा श्वास होतात. सोडण्याचा काळ लांबला, की हृदयाचे ठोके मंदावायला मदत होते. पाच मिनिटे पुरेशी आहेत. मात्र हा सराव मन स्वस्थ असताना करावा, कारण पोहणे शिकायला कोणी पुराच्या पाण्यात उतरत नाही. आणि झटका आल्यावर श्वासाने तो ताबडतोब थांबलाच पाहिजे असा हट्ट धरला, तर त्या हट्टाचीच नवी चिंता होऊन बसते.

चौथी पायरी: काळजीला वेळ ठरवून देणे

पावसाळ्यात कोल्हापुरात भेटणारा प्रत्येक माणूस नमस्काराच्या आधी "पाणी किती फुटांवर?" असे विचारतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे येथे शाळकरी पोरालाही पाठ असते, आणि २०१९ व २०२१ चे पूर पाहिल्यावर ते स्वाभाविकही आहे. आमच्या घराच्या उंबऱ्याला पुराचे पाणी कधी लागलेले नाही. तरी एका जुलैच्या रात्री मी मोबाईलवर ती पातळी तीस-चाळीस वेळा पाहिली असेन. आकडा इंचभर हलला की पोटात गोळा, हलला नाही की पुढच्या दहा मिनिटांची बेचैनी. पाण्याला माझ्या पाहण्याचा पत्ताही नव्हता. जागरण तेवढे माझ्या पदरी पडले.

जे पूररेषेत राहतात, त्यांनी प्रशासनाच्या सूचनांवर लक्ष ठेवलेच पाहिजे. पण तेथेही सावधपणा आणि चिंता यांत फरक करता येतो. सावध माणूस पातळी पाहून काहीतरी करतो, म्हणजे कागदपत्रे वर ठेवतो, जनावरे हलवतो, आणि मग फोन खिशात ठेवतो. चिंतेत सापडलेला माणूस पाहतो आणि पुन्हा पाहतो. पुराच्या जागी स्वतःची नाडी, रक्तदाब, मुलाचा उशीर झालेला फोन किंवा शेअर बाजाराचा भाव घाला. रीत तीच राहते. त्यामुळे जे वारंवार तपासले जाते, त्याला दिवसातून दोन वेळा नेमून द्याव्यात आणि मधल्या काळात हात फोनकडे गेला, की तो नुसता परत आणावा.

डोक्यात येणाऱ्या काळज्यांसाठी याच तत्त्वावर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. दुकानात मी दिवसभर रोजमेळात नोंदी करतो आणि खतावणी, म्हणजे प्रत्येकाच्या खात्याची वही, संध्याकाळी उघडतो. प्रत्येक गिऱ्हाइकामागे खतावणी काढून बसलो, तर गल्ल्यावर कोण बसणार? दिवसा काळजी आली, की ती चार शब्दांत चिठ्ठीवर टिपावी आणि "सहा वाजता पाहू" म्हणून सोडून द्यावी. सहा वाजता वहीत दोन रकाने पाडावेत: ज्यावर उद्या काही करता येईल ते डावीकडे, आणि ज्यावर काहीच करता येणार नाही ते उजवीकडे. डावीकडच्या प्रत्येक नोंदीपुढे एक कृती लिहावी. उजवीकडच्या नोंदी वाचाव्यात आणि वही मिटावी. माझ्या अनुभवात सकाळी डोंगराएवढ्या वाटलेल्या निम्म्याअधिक नोंदी संध्याकाळी वाचताना ओशाळवाण्या वाटतात; उरलेल्या वाटत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अंथरुणावर पडण्याच्या तोंडावर मात्र ही वही उघडू नये.

पाचवी पायरी: जे टाळले, त्याच्याकडे पायऱ्या पाडून जाणे

ही पायरी सर्वांत कठीण आहे, आणि खरा बदल हिच्यामुळेच होतो. भीतीच्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. शक्य असेल तर अशा टप्प्यांची शिडी तयार करताना समुपदेशकांचे साहाय्य घ्यावे, विशेषतः भीतीमागे एखादा अपघात किंवा आघात असेल तर ते घ्यावेच.

एका कागदावर टाळलेल्या जागेचे सोपे ते अवघड असे प्रकार लिहावेत आणि प्रत्येकाला शून्य ते शंभर असे भीतीचे गुण द्यावेत. माझ्या कागदावर सर्वांत खाली, तीस गुणांवर, "सकाळी साडेसहाला बिनखांबी गणेश मंदिरापाशी दहा मिनिटे उभे राहणे" असे होते. त्यावर त्याच वेळी धाकट्या भावाबरोबर पापाची तिकटीपर्यंत जाणे. मग एकट्याने जाणे. मग बुधवारी अकराच्या सुमारास जाऊन एक नारळ विकत घेणे आणि सुटे पैसे मिळेपर्यंत दुकानासमोर थांबणे. आणि सर्वांत वर, पंचाण्णव गुणांवर, शुक्रवारी संध्याकाळी अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीतून संपूर्ण रस्ता चालणे.

नियम थोडेच आहेत, पण ते पाळावे लागतात. भीती चढत असताना परत फिरू नये. ती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबावे, मग सावकाश निघावे. एकच पायरी तीन-चार वेळा, शक्यतो जवळजवळच्या दिवशी करावी, आणि ती कंटाळवाणी वाटू लागली की पुढची घ्यावी. कंटाळा हे येथे उत्तम लक्षण आहे.

कुबड्यांकडेही लक्ष असू द्यावे. पाण्याची बाटली, कानाला लावलेला फोन, दुकानाच्या भिंतीला टेकलेला हात, या सगळ्यांमुळे मन "बाटली होती म्हणून वाचलो" असा नवा धडा शिकते. माझी कुबडी म्हणजे शर्टाच्या खिशातली गोळ्यांची पट्टी. त्या पट्टीच्या कडा घामाने आणि बोटांनी झिजून चंदेरी कागद सुटू लागला होता, आत एकच गोळी उरली होती आणि कित्येक महिन्यांत ती मी घेतलेली नव्हती. डॉक्टरांना विचारून ती घरी ठेवायची असे ठरले, तेव्हा ती शिडीवरची स्वतंत्र पायरी धरावी लागली, आणि तिला मी ऐंशी गुण दिले होते. नारळ घेण्यापेक्षा ती पायरी जड गेली. चालताना दहा वेळा हात खिशाकडे गेला असेल.

शुक्रवारची संध्याकाळ जमायला मला पाच महिने लागले. त्या दिवशी विशेष असे काही झाले नाही. छातीत थोडी धडधड झाली, एका फुगेवाल्याने वाट अडवली आणि पायांवर कोणाचा तरी पाय पडला.

चहा आणि झोप

शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे सुमारे पाच तासांनंतरही रक्तात असते आणि त्याने होणारी धडधड चिंतेच्या धडधडीसारखीच वाटते. दुकानात दिवसाला सात अर्धे चहा होत असतील, तर दर तीन-चार दिवसांनी एक कमी करावा, कारण एकदम सोडला तर डोके धरते. दुपारी तीननंतर तर घेऊच नये. तंबाखू आणि दारू यांनी क्षणभर सैल वाटते, पण उतार पडताना चिंता व्याजासह परत येते.

झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की ठेवावी, रात्र कशीही गेली असली तरी. वीसएक मिनिटे झोप आली नाही, असे अंदाजाने वाटले, तर अंथरुणावरून उठून मंद उजेडात काहीतरी नीरस वाचावे आणि डोळे जड झाल्यावरच परत जावे. घड्याळाचे तोंड भिंतीकडे करून ठेवावे.

घरच्यांसाठी

"लई विचार करतोस" किंवा "तुला काय कमी आहे?" असे म्हणून काही साधत नाही, आणि सगळी कामे अंगावर घेऊन माणसाला गादीवर बसवून ठेवल्यानेही नाही. बरोबर चालत जावे, पण त्याच्या वतीने नारळ घेऊ नये.

शेवटची पायरी: आपली इशारा पातळी

त्रास पुन्हा डोके वर काढू शकतो, आणि तो वर काढत असताना विचार स्पष्ट राहत नाहीत. म्हणून बरे असतानाच एक कागद तयार करून ठेवावा. नदीचे दोन आकडे येथे उपयोगी पडतात. ३९ फुटांवर नदी गावात आलेली नसते, सामान आवरायची ती वेळ असते. माझ्या कागदावर "३९" या आकड्याखाली चार गोष्टी आहेत: सलग तीन दिवस टिंब नाही, पहाटे चारला जाग, फोन आला की न उचलणे, आणि खिशात हात घालून काहीतरी चाचपणे. यांपैकी दोन दिसल्या, की चालण्याचे माप पुन्हा पारापर्यंत आणायचे, चहा दोनवर आणायचा आणि भावाला सांगायचे. "४३" या आकड्याखाली लिहिले आहे: आठवडाभर कामावर न जाणे, दोन रात्री अजिबात झोप नसणे, किंवा जगण्याविषयी वाईट विचार येणे. त्यापुढे डॉक्टरांच्या दवाखान्याची वेळ आणि १४४१६ हा क्रमांक आहे.

आतापर्यंत ३९ दोनदा झाले, ४३ झालेले नाही. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे आणि तो कुठे आहे हे आईला माहीत आहे.